अण्णा टिपणिसांचा दम

“पळालो नाही, मास्तर. नुसता जिना चढून आलो,” असं अण्णा टिपणीस म्हणाले. म्हणजे मी हे वाक्य जुळवून सांगतोय. प्रत्यक्षात “पळा” म्हणून ते थांबले, “लो नाही” म्हणून कठड्याला धरलं, आणि जिन्याचा उल्लेख त्यांनी बाकावर बसून, पागोटं काढून, बऱ्याच वेळानं केला.

मी त्यांचा हात हातात घेऊन नाडी पाहिली. नाडी गावभर हुंदडत होती. महिनाभर मी या माणसाला रोज सूर्यनमस्कार घालायला सांगितले होते, आणि महिनाभरात त्यांचा दम तसूभरही वाढला नव्हता. वाढलं होतं ते पोट. अंगरख्याचे बंद आता एकमेकांना लांबूनच ओळख दाखवत होते.

“नमस्कार चालू आहेत ना?”

“एक दिवस खंड नाही,” अण्णा म्हणाले. “देवाशपथ.”

अण्णा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. म्हणूनच मी गोंधळलो.

मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत ड्रिल मास्तर होतो. त्याआधी पलटणीत होतो. पलटणीतून माणूस सुटतो, पण त्याच्यातली ड्रिल सुटत नाही, म्हणून साहेब लोकांनी मला शाळेत आणून सोडलं. आता पेन्शनीत बसलोय. लोक येतात, दंड दाखवतात, पोट लपवतात आणि विचारतात की मास्तर, अंग कमवायचं तर काय करावं. त्यांना मी अण्णांची हकिगत सांगतो. यात या विद्येची बहुतेक सगळी तत्त्वं येऊन जातात.

अण्णा मीठ खात्याच्या ठाणे ऑफिसात हेडक्लार्क होते. त्या ऑफिसात बसून त्यांनी मिठाबद्दल इतकं लिहिलं होतं की त्यांच्या हाताखालून न गेलेलं मीठ आमच्या बाजूला कुणाच्या आमटीत पडत नसे. आता मिठाच्या इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली होती. ती अण्णांना हवी होती, पण मध्ये साहेब होता.

या साहेबाची परीक्षेची तऱ्हा न्यारी होती. टेबल नाही, कागद नाही. कोलशेतच्या मिठागरावर उमेदवाराला न्यायचं आणि बांधावरून चालायला लागायचं. चालता चालता मीठ खात्याचे कायदे विचारायचे. त्यानं चालता चालताच उत्तरं द्यायची. साहेबाचं म्हणणं असं की इन्स्पेक्टरला दिवसभर बांधावर हिंडायचं असतं आणि हिंडता हिंडता भांडायचंही असतं. धाप लागलेला माणूस भांडणात हरतो, आणि मग सरकारचं मीठ रात्रीतून कुठंही जातं. मला स्वतःला हे म्हणणं पटतं.

आदल्या वर्षी अण्णा या परीक्षेला गेले होते. साहेब ताडमाड उंच, टांगा टाकत निघाला. बांधाच्या पहिल्या वळणावर त्यानं पहिला प्रश्न विचारला. अण्णांना उत्तर पाठ होतं, पण ते बाहेर यायला श्वास लागतो आणि तोच शिल्लक नव्हता. त्यांनी नुसता हात वर केला. साहेबाला वाटलं की हे शरण आले. त्यानं त्यांना मिठाच्या गोण्या घेऊन निघालेल्या बैलगाडीत बसवून परत पाठवलं. गोण्यांवर बसून अण्णा आपल्या आळीत शिरले तेव्हा टिपणीसवहिनींकडे हळदीकुंकू चालू होतं, आणि नवरा इन्स्पेक्टर होणार हे वहिनींनी नुकतंच सगळ्या बायकांना सांगून झालं होतं.

यंदाची संधी शेवटची. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. मग ती जागा जाणार सबनीस नावाच्या पोरसवदा कारकुनाकडे, ज्याला बोरू धरायला अण्णांनी शिकवलं होतं.

पण खरं सांगतो, अण्णांना डाचत होतं ते सबनीस प्रकरण नव्हे. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “मास्तर, उभा जन्म मी मिठावर लिहितोय. मीठ पिकतं कसं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी पहिल्या वळणापर्यंत पाहिलं, तिथवर सगळा चिखल आणि गढूळ पाणी. त्या वळणापलीकडे काय असतं हो?”

“मी कुठं गेलोय,” मी म्हणालो.

“मला बघायचंय,” अण्णा म्हणाले. मोठ्या माणसाचा असा चेहरा मी क्वचितच पाहिलाय. त्याच दिवशी ठरवलं की याला वळणापलीकडे न्यायचंच.

तर आता पहिलं तत्त्व. शरीराला रोजच्यापेक्षा किंचित जास्त काम द्यायचं. ते कुरकुरतं. कुरकुरू द्यायचं. चार दिवसांनी ते निमूटपणे तेवढ्या कामाची सोय करून ठेवतं. मग पुन्हा किंचित वाढवायचं. हा किंचितपणा महत्त्वाचा. मी अण्णांना थोडक्या नमस्कारांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवायला सांगितलं होतं. अण्णा दर शुक्रवारी येऊन रिपोर्ट द्यायचे. वाढवले म्हणायचे, सोसतायत म्हणायचे. “त्रास काही नाही,” असंही म्हणायचे. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती असं तुम्हाला वाटेल, पण प्रकृतीत फरक असतो. कुणाचं अंग लवकर वळतं, कुणाचं उशिरा.

त्या दिवशी जिन्यानं केलेली दशा पाहून मी विचारलं, “खाता काय?”

“दूध. बदाम. डिंकाचे लाडू. तुम्हीच म्हणालात की व्यायाम वाढला की खाणं वाढवा.”

तसं मी म्हणालो होतो, खरं आहे. पण जिभेला तुपाची चव आणि अंगाला घामाची ओळख नाही, असं काहीतरी त्यांच्याकडे पाहून वाटत होतं. “उद्या सकाळी घरी येतो,” मी म्हणालो. “नमस्कार घालताना बघतो. कुठंतरी पवित्रा चुकत असेल.”

“अवश्य या,” अण्णा म्हणाले. लपवाछपवी असती तर माणूस दचकला असता. हे आनंदले.

सकाळी उजाडताच तळ्यामागच्या त्यांच्या आळीत गेलो. अंगणात रक्तचंदनाचं गंध, तांबडी फुलं, अर्घ्याचं तबक, सगळी जय्यत तयारी. ओसरीवर पाटावर अण्णा बसलेले, खांद्यावर उपरणं, हातात दुधाचा पेला. आणि अंगणात गोविंदभट, म्हणजे त्यांच्या घरी पूजाअर्चेला येणारे भटजी, धडाधड नमस्कार घालत होते.

काय नमस्कार होते ते. मी पलटणीत असे पाहिले नाहीत. छाती जमिनीला टेकतेय, कोपर अंगालगत, पाठ सरळ, श्वास घड्याळासारखा. महिन्याभरापूर्वी हाच माणूस पंचांग उचलताना कण्हायचा. आता त्याच्या खांद्यावर नारळ फोडता आला असता.

“भटजींचे झाले की तुम्ही बसता का?” मी अण्णांना विचारलं.

“मी? मी बसलेलाच आहे की.”

“तुमचे नमस्कार कधी?”

“हेच ते,” अण्णा म्हणाले आणि पेल्यानंच अंगणाकडे खूण केली.

मी ओसरीच्या पायरीवर बसलो.

अण्णांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात कुठं अपराधाचा लवलेश नव्हता. आमच्याकडे जप असो, अनुष्ठान असो, की सूर्याला घालायचे नमस्कार असोत, यजमानानं सकाळी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, आपलं नाव-गोत्र सांगायचं, आणि पुढचं सगळं भटजींनी त्याच्या वतीनं करायचं, ही रीत आहे. करणारे भटजी, फळ यजमानाचं. अण्णांनी तेच केलं होतं. मी दर आठवड्याला आकडा वाढवला की अण्णा घरी येऊन गोविंदभटांचा आकडा वाढवत.

“संकल्पाचं पाणी मी स्वतः सोडतो,” अण्णा म्हणाले. “त्यात कधी कसूर नाही.”

“अण्णा, हे पुण्य नाही. हा दम आहे.”

“गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा जप कुणी केला? गोविंदभटांनी. ताप कुणाचा उतरला? माझा.”

“आणि वैद्यानं काढा दिला तो कुणी प्यायला?”

“तो मी प्यायलो. पण फार कडू होता. भटजींना विचारावं असं मनात आलं होतं खरं.”

“ऑफिसात तरी मी काय करतो?” त्यांनी मग दुसरा मुद्दा काढला. “लिहितो सबनीस. सही माझी. खातं चाललंय ना?”

वहिनी लाडवांचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी गोविंदभटांना वाढलं. “केवढे कष्ट होतात त्यांना,” त्या म्हणाल्या. “आणि भटजींना एकट्यांना खाऊ देणं बरं दिसत नाही, म्हणून इकडूनही दोन घेणं होतं.” म्हणजे पोटाचं कोडंही सुटलं. गोविंदभट खात होते आणि ते अंगी लावत होते. अण्णा सोबतीला खात होते आणि तेही अंगीच लागत होतं, फक्त वेगळ्या जागी.

मी अण्णांना उठवलं आणि म्हटलं, “एक नमस्कार घाला. स्वतः.” अण्णांनी अर्धा घातला. उरलेल्या अर्ध्याला मी आणि गोविंदभट दोघं लागलो.

उभे केल्यावर अण्णा हातापायांची माती झटकू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे महिना फुकट गेला, मास्तर?”

“तुमचा गेला. भटजींचा नाही.”

“संक्रांतीनंतर परीक्षा आहे.”

“दिवस आहेत,” मी म्हणालो. “पण आता मधे कुणी नाही. तुमचेच पाय, तुमचाच श्वास.” मला त्या वेळी त्यांची दया आली आणि हसूही येत होतं. ड्रिल मास्तरानं हसू दाबायची कला आधी शिकावी लागते, पोरं लगेच हेरतात.

नमस्कार मी बंद करायला सांगत होतो, कारण दुसरं तत्त्व असं की ज्याचा सराव करावा तेच सुधारतं. नमस्कारांनी खांदे आणि पाठ कणखर होतात. अण्णांना बांधावर चालायचं आणि बोलायचं होतं. तेव्हा चालायचं आणि बोलायचं, हाच त्यांचा व्यायाम. अण्णांची नजर माझ्या शाळेतल्या मुद्गलांवर होती, कारण मुद्गल फिरवणारा माणूस दिसायला झकास दिसतो. मी म्हटलं, साहेबानं बांधावर मुद्गल मागितले तर बघू.

पण वहिनी नमस्कार बंद करायला तयार नव्हत्या. “सोडलेला संकल्प अर्धवट टाकायचा नाही,” त्यांनी ठणकावलं. गोविंदभटांनाही ते पटलं, लाडू चालू राहणार होते. तेव्हा अण्णा चालणार आणि गोविंदभट नमस्कार घालणार असं ठरलं. मी म्हटलं घाला, माझं काय जातंय. पुढं काय गेलं ते शेवटी सांगतो.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. दुपारी गोविंदभट माझ्या दारात. “मास्तर, चला. यजमान उठत नाहीत.”

धावत गेलो. अण्णा अंथरुणावर उताणे, वहिनी पायांना तेल चोळतायत. झालं होतं असं की पहाटेच कुणाला न सांगता हा गृहस्थ कोलशेतच्या रस्त्यानं निघाला आणि थेट खाडीपर्यंत जाऊन आला. येताना अर्थात गवताच्या गाडीत.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“महिन्याचं अरियर्स होतं,” अण्णा छताकडे बघत म्हणाले. “एका दमात काढून टाकलं.”

मीठ खात्यात मार्च अखेरीला असंच करतात. वर्षभर साठलेलं काम शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस बसून उरकायचं आणि एप्रिलात सुस्त व्हायचं. कागद हे सहन करतात. मांड्या करत नाहीत. चार दिवस अण्णांना मोरीपर्यंत जायला गोविंदभटांचा खांदा लागला. खांदा मजबूत होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

मी उशाशी बसून तिसरं तत्त्व सांगितलं. व्यायाम करताना शरीर बळकट होत नसतं, तेव्हा ते झिजत असतं. बळकट होतं ते नंतर, झोपेत आणि विश्रांतीत. म्हणून विश्रांतीचा दिवस हा कामाचाच दिवस समजायचा.

अण्णांचे डोळे चमकले. “मग नंतरचं तेवढं मी करतो. ते माझं आधीपासून चोख आहे.”

“आधीचं केल्याशिवाय नंतर येत नाही,” मी म्हणालो. त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं.

बरे झाल्यावर खरी सुरुवात केली, मासुंदा तळ्याच्या काठानं. सुरुवात अशी की देवळापासून घाटापर्यंत आणि परत, एवढंच. वेगाची खूण मी त्यांना अगदी सोपी दिली. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा वेग बरोबर. गाता आलं तर तुम्ही रेंगाळताय, आणि बोलताच आलं नाही तर तुमची पुन्हा बैलगाडी होणार. ही खूण मी आजही सगळ्यांना देतो. तिला घड्याळ लागत नाही, नाडी लागत नाही, फक्त सोबत कुणीतरी ऐकणारं लागतं.

ऐकणारा मी होतो. आणि बोलायचं काय, तर मीठ खात्याचे कायदे. रोज सकाळी अण्णा तळ्याकाठानं चालत आणि परवान्याशिवाय मीठ हलवल्यास काय, गोणीचं तोंड कसं बांधावं, बांध फुटल्यास कुणाला कळवावं हे सगळं म्हणत. सुरुवातीला एका कलमात तीन धापा येत. मग दोन. ज्या दिवशी एक सबंध कलम, पोटकलमांसकट, न थांबता बाहेर पडलं त्या दिवशी अण्णा जागच्या जागी थबकले. “कुठं गेली हो धाप?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चला, परत यायच्या आत पुढचं कलम घ्या.

अडचण वेगळीच आली. हेडक्लार्कनं कामाशिवाय चालणं त्या काळी लोकांना समजत नसे. पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो हळूच विचारायचा, “कुणी गेलं का?” अण्णा ओशाळून घरी जायला बघत. मग तळ्याला पूर्ण फेरी होऊ लागली तेव्हा लोकांनी आपसातच ठरवलं की टिपणिसांनी प्रदक्षिणांचा नवस केलाय, आणि ते तोंडानं पुटपुटतात ते स्तोत्र आहे. एका म्हातारबुवांनी तर हात जोडून मागं चालायला सुरुवात केली. मिठाची चोरटी वाहतूक हा भाग त्यांनी भक्तिभावानं ऐकला.

दिवाळीत अण्णांनी रजा मागितली. मी म्हटलं, एक दिवस घ्या, आठवडा मिळणार नाही. कमावलेला दम वापरला नाही तर निघून जातो, आणि येताना लागलेल्या वेळापेक्षा जाताना घाईत असतो. मग तोड अशी काढली की फराळाला जायचं, पण चालत जायचं, आणि लांबच्या घरांपासून सुरुवात करायची. जवळच्या नातेवाइकांना राग आला. दूरच्यांना आश्चर्य वाटलं. अण्णा मात्र एकेक करंजी खाऊन पुढच्या घराला निघायचे आणि वाटेत कलमं म्हणायचे.

पुढं पुढं मी त्यांना शेताच्या बांधांवरून नेऊ लागलो, कारण सपाट रस्त्यावरचा माणूस अरुंद बांधावर गेला की त्याचा निम्मा दम तोल सांभाळण्यात जातो. दोनदा ते भातखाचरात उतरले. तिसऱ्यांदा मी उतरलो, तेव्हा अण्णांनी हात देऊन मला वर काढलं आणि त्या हाताला जोर होता. तो हात मला फार आवडला. पोटही आत गेलं होतं, अंगरख्याचे बंद एकमेकांना भेटत होते.

संक्रांत झाली आणि परीक्षेचा दिवस आला. सकाळच्या धुक्यात आम्ही कोलशेतला पोचलो. मिठागराचा मालक बस्त्याव, तिथल्या ख्रिस्ती वाडीतला, खाडीकडे तोंड करून उभा होता. त्यानं अण्णांना ओळखलं. “गेल्या सालचे गोणीवालं ना?” तो म्हणाला. अण्णांचा चेहरा उतरला. “नाय नाय, घाबरू नका. बांद वला हाय, हलू चला. साहेब यंदा जाड झालाय.”

साहेब खरंच जाड झाला होता. तो रजेवर विलायतेला जाऊन नुकताच आला होता, आणि तिकडून येताना बोटीवर काही काम नसतं, जेवणाशिवाय. पाय मात्र तेवढेच लांब होते. अण्णांना बघून तो हसला आणि पहिल्यासारखाच टांगा टाकत निघाला.

मला पुढं जायची परवानगी नव्हती. मी बस्त्यावच्या मांडवापाशी उभा राहून बघत होतो. पांढरी टोपी पुढं, लाल पागोटं मागं. टोपी झपाझप चाललेली. अण्णांनी आता साहेबाबरोबर राहायचा प्रयत्न केला तर संपलं. मी मनात म्हणत होतो, बोलता येईल तेवढंच, अण्णा, बोलता येईल तेवढंच. पागोटं आपल्या चालीनं चालत राहिलं. टोपी पहिल्या वळणावर थांबली, मागं वळली, काही विचारलं असावं. पागोटं न थांबता तिच्यापर्यंत गेलं आणि तसंच तिच्या पुढं गेलं.

“अरे द्येवा, ह्यो तर साहेबाच्या फुरं गेला,” बस्त्याव म्हणाला.

आता टोपी मागं आणि पागोटं पुढं. अण्णांचे हात हलत होते, म्हणजे बोलणं चालू होतं. वळणापलीकडे दोघं लहान लहान होत गेले. मग टोपी खाली बसली. पागोटं थोडं पुढं गेलं, परत आलं, आणि बसलेल्या टोपीसमोर उभं राहून हात हलवत राहिलं. एवढा मोठा बाप्या मी, पण डोळे पुसले, आणि धुक्यानं पाणी येतं असं बस्त्यावला सांगितलं.

काय झालं ते अण्णांनी परत येताना सांगितलं. साहेबानं पहिला प्रश्न विचारला, यांनी उत्तर दिलं. दुसरा विचारताना साहेबाचा आवाज तुटला. तिसरा अर्धाच आला. अण्णांना वाटलं की आपलं उत्तर अपुरं पडलं म्हणून साहेब गप्प आहे, म्हणून त्यांनी पुढची कलमं आपणहून म्हणायला घेतली. उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या झडपेपाशी, साहेब खाली बसला. त्यानं नुसता हात वर केला.

“ते शरण आले असं मी समजलो नाही,” अण्णा म्हणाले. “मला माहीत आहे तो हात काय म्हणतो. मी थांबलो. पाणी दिलं.”

साहेबानं श्वास परत आल्यावर “इनफ, इन्स्पेक्टर” एवढंच म्हटलं. मग विचारलं की वर्षात हे कसं केलंस. अण्णा खरं बोलणारे. त्यांनी माझं नाव सांगितलं आणि गोविंदभटांचंही सांगितलं, ते अण्णांच्या नावानं रोज नमस्कार घालतात म्हणून. साहेबानं माझ्या नावाकडे लक्ष दिलं नाही. भटजींबद्दल मात्र त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं.

“आणि वळणापलीकडे?” मी विचारलं.

अण्णांनी चालता चालता पागोटं काढून हातात घेतलं. धाप नव्हती. “तिथं पाणी संपतं, मास्तर. वाफ्यावाफ्यातून मीठ वर आलेलं असतं. सगळं पांढरं. डोळे मिटून घ्यावेसे वाटतात इतकं. आणि मी आजवर त्याला ‘सदर माल’ लिहीत आलो.”

वहिनींनी सत्यनारायण घातला. सगळी आळी लोटली. गोविंदभटांना पाटावर बसवून शाल दिली, आणि त्यांच्या नमस्कारांनी घर कसं वर आलं ते वहिनींनी एकेकीला सांगितलं. मला नारळ दिला आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचीही सोबत झाली हो इकडे. सकाळचं एकट्यानं चालायला कंटाळा येतो.” मी शिरा खाल्ला.

चार दिवसांनी गोविंदभट शाळेच्या मैदानावर आले. चेहरा चिंतेचा. त्यांच्याकडे सबनीस आला होता, अजून दोन कारकून आले होते, आणि साहेबाच्या बंगल्यावरून पट्टेवाला आला होता. सगळ्यांना आपापल्या नावानं नमस्कार घालून हवे होते.

“साहेबाचं गोत्र काय सांगणार?” मी विचारलं.

“माहीत नसेल तर काश्यप सांगतात, ती सोय आहे. माझी अडचण वेगळी. एवढे नमस्कार एका अंगाला झेपायचे कसे, मास्तर?”

मी त्यांना सगळं सांगितलं. एकदम वाढवू नका, किंचित वाढवा. आठवड्यात एक दिवस सुट्टी. झोप, जेवण वेळेवर. खंड पडू देऊ नका. गोविंदभटांनी मान डोलावली आणि ते सगळं तंतोतंत पाळलं. माझ्या उभ्या नोकरीत माझं सांगणं अक्षरशः पाळणारा तो एकच विद्यार्थी. वय झालं तरी त्यांनी कधी काठी धरली नाही.

व्यायाम कुणाच्याही नावानं करा, तो लागतो करणाऱ्याच्या अंगाला. एवढंच सांगायचं होतं. पुढच्या वर्षी मिठाच्या हंगामात साहेब कोलशेतला तपासणीला आला, आणि पहिल्या वळणावरून गोण्यांच्या बैलगाडीत बसून परत गेला. गाडीशेजारून इन्स्पेक्टर टिपणीस चालत होते, आणि गोणीचं तोंड कसं बांधावं ते त्याला समजावून सांगत होते.